रात्रपाळीची डागडुजी : वेबकॉमिक सुधारण्याच्या कामाच्या नोंदी

कॉमिक साधं आहे. एक जुनं ग्रंथालय, तिथला रात्रपाळीचा पहारेकरी आणि कपाटांमधून हिंडणारी, बोलणारी मांजर. गोष्ट मैत्रीण लिहिते, चित्रं मी काढते. गोष्ट आवडते असं वाचणारे सांगतात, पण त्याच दमात "डोळ्यांना त्रास होतो" असंही म्हणतात. म्हणून नवे भाग थांबवून आधी चित्रं आणि मांडणी दुरुस्त करायला घेतली आहे. चित्रांसाठी क्रिता, अक्षरांसाठी इंकस्केप, दोन्ही फुकट. हाताशी बिनपडद्याचा छोटा पेन टॅब्लेट. तेव्हा खर्च म्हणजे मुख्यतः वेळ. तो कुठे गेला आणि कुठे वाचवता आला असता, तेवढंच इथे लिहिते.

६ जुलै

हातांची बोटं सुधारायची, म्हणून बसले होते. त्याआधी धाकट्या भावाला फोनवर एक भाग वाचायला दिला आणि शेजारी बसून नुसतं त्याच्या बोटांकडे पाहिलं. तो वाचत कमी होता, चिमटीने पान मोठं-लहान जास्त करत होता. दुसऱ्या पानावर थांबला.

"ताई, 'कोण आहे तिथे?' हे मांजर विचारतेय का?"

चौकटीत मांजर डावीकडे, पहारेकरी उजवीकडे. पहारेकऱ्याचा प्रश्न उजवीकडे वर, मांजरीचं "मीच. दिवा खाली कर" हे उत्तर डावीकडे, केसभर खाली. वाचणारा डावीकडून सुरू करतो, त्यामुळे त्याने उत्तर आधी वाचलं. मग प्रश्न वाचला आणि तो कोणाचा हे त्याला कळेना. संवादाच्या फुग्यांच्या शेपट्या बरोबर होत्या, पण शेपटीकडे कोणी बघत नाही. आधी मजकूर वाचून होतो.

बोटं राहू देत. त्या चौकटीतली बोटं त्याने पाहिलीच नव्हती.

अक्षरं का दिसत नाहीत याचं गणित मांडलं. पान ए-फोर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. अक्षरं ९ पॉइंटची, कागदावर ठीक. पण ए-फोर २१ सेंटिमीटर रुंद आणि फोनचा पडदा जेमतेम ७. पान एक तृतीयांश झालं की ९ पॉइंटचे ३ पॉइंट उरतात. देवनागरीत त्या ३ पॉइंटांतच वेलांट्या, अनुस्वार, उकार सगळं बसवायचं. कसं वाचणार?

१० जुलै

पानाची कल्पना सोडली. आता उभी पट्टी: चौकटी एकाखाली एक, फार तर दोन शेजारी. शेवटची रुंदी १०८० पिक्सेल, काम बरोबर दुप्पट म्हणजे २१६० वर. दुप्पट अशासाठी की निम्मं करताना चार पिक्सेलांचा एक होतो आणि रेषा स्वच्छ राहतात.

जुन्या भागांच्या चौकटी कापून २१६० वर ताणून पाहिल्या. रेषांच्या कडा मेणासारख्या वितळल्या. ताणून काहीही सुधारत नाही. मग उलट बाजूने मोजलं. जुन्या पानावर अर्ध्या रुंदीची चौकट समास वगळता साधारण साडेअकराशे पिक्सेल भरते, म्हणजे १०८० ला तशीच पुरते. तेव्हा ठरलं असं: पहिला भाग पूर्ण नव्याने काढायचा, कारण नवीन वाचणारा तिथूनच सुरू करतो. बाकीच्या जुन्या भागांच्या फक्त चौकटी सुट्या करायच्या आणि अक्षरं बदलायची. सगळंच नव्याने काढायचा मोह झाला होता. तसं करत बसलं तर गोष्ट कधीच पुढे जाणार नाही आणि शेवटचा भाग होईपर्यंत पहिला परत जुना वाटू लागेल.

१७ जुलै : फॉन्ट

जुने संवाद युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) तो मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसता कचरा दिसतो. सगळे संवाद पुन्हा टाइप केले. संध्याकाळ गेली, पण मजकूर कायमचा सुटला.

फॉन्ट निवडताना "क ख ग" लिहून बघण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांतच चांगले दिसतात. मी ही ओळ वापरते:

ॲसिड, दुसऱ्या, वाळ्यात, चिठ्ठी, कृष्ण, ब्रह्म, वर्दी, शृंगार, ट्रंक, हूं

काही फॉन्ट 'ॲ'लाच बाद झाले. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत ते नसतं आणि त्या जागी दुसऱ्याच फॉन्टातलं अक्षर येऊन बसतं. एकच अक्षर जाड आणि वेगळ्या वळणाचं दिसलं तर कारण बहुधा हेच. 'दुसऱ्या'तला अर्धा र काही ठिकाणी पाय मोडून उभा राहिला. आमच्या गोष्टीत 'वाऱ्या'पासून 'पायऱ्या'पर्यंत सगळं आहे, तेव्हा तेही बाद.

हस्ताक्षरासारखा म्हणून कलम आवडला होता. शीर्षकाला तो छान दिसतो, पण फोनवर लांब संवादाला थकवतो. संवादांना मुक्ता घेतला, मध्यम जाडीचा. ओरडण्याला बलू टू, जाड. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे उद्या पुस्तक छापलं तरी कोणाला विचारायला नको.

आकार: १०८० रुंदीवर ५२ पिक्सेल. फोनच्या हिशोबात पडदा ३६० रुंद धरला तर ते १७ च्या आसपास येतं. ४२ वर करून पाहिलं, इंग्रजीला ते चाललं असतं. मराठीत 'र्की' आणि 'कि' ओळखताना मान पुढे जाते.

२१ जुलै : फुगे

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मिळालंही सगळ्यात जास्त.

अंडाकृती फुगे काढून टाकले. देवनागरी ओळीला वरून सरळ रेघ असते, त्यामुळे तीन ओळी एकाखाली एक आल्या की चौकोनी गठ्ठा तयार होतो. तो अंड्यात बसवायचा तर कोपरे कडेला घासतात, नाहीतर अंडं एवढं फुगतं की अर्धी चौकट जाते. आता फुगा म्हणजे कोपरे चांगले गोल केलेला चौकोन, बाजू किंचित फुगवलेल्या.

ओळींमधलं अंतर फॉन्टचं आपोआप येणारं ठेवलं होतं. 'कुलूप'चा उकार खालच्या ओळीतल्या 'किल्ली'च्या वेलांटीत अडकत होता. अक्षराच्या आकाराच्या १.४५ पट अंतर दिल्यावर सुटं झालं.

जागा उरली म्हणून एका फुग्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलं. इंग्रजीत चालतं ते. मराठीत शिरोरेषा प्रत्येक अक्षराला तुटली आणि शब्द दात पडल्यासारखा दिसायला लागला. त्या सेटिंगला पुन्हा हात लावायचा नाही. शब्दांमधलं अंतर मात्र वाढवता येतं.

मजकूर फुग्याच्या मध्यावर आणायला प्रोग्रॅममधलं मध्यभागी आणण्याचं बटण वापरत होते. दोन फुगे शेजारी ठेवले की एकातली अक्षरं वर, दुसऱ्यातली खाली. कारण बराच वेळ सापडेना. मग लक्षात आलं की प्रोग्रॅम मजकुराची उंची मोजतो ती वरच्या वेलांटीच्या टोकापासून खालच्या उकारापर्यंत. एका फुग्याच्या शेवटच्या ओळीत उकार, दुसऱ्यात नाही, झाला फरक. आता मध्य हाताने लावते: पहिल्या ओळीची शिरोरेषा फुग्याच्या वरच्या कडेपासून ठरावीक अंतरावर, सगळ्या फुग्यांत तेवढीच. शेवटच्या ओळीखाली उकार आला तर येऊ दे, तेवढी जागा खाली आधीच सोडलेली असते.

ओळ कुठे तोडायची ते अर्थावर. 'कपाटाच्या' एका ओळीत आणि 'मागे' एकटं खाली, असं करायचं नाही. शब्द तर मधून तोडायचाच नाही, फुगा रुंद करायचा किंवा मैत्रिणीला फोन करायचा.

फोन बऱ्याचदा करावा लागला. तिचं वाक्य होतं: "मी तुला कालच सांगितलं होतं ना, की रात्रीच्या वेळी वरच्या मजल्यावर जायचं नाही म्हणून?" पाच ओळींचा फुगा. ती म्हणाली, "अगं, पण तो असाच बोलतो, लांबण लावून." खरं होतं. शेवटी दोन फुगे जोडले: "कालच सांगितलं होतं ना?" आणि खाली "रात्री वर जायचं नाही!" लांबण गेली, पण चिडचिड राहिली. दोन जोडलेल्या फुग्यांमुळे मध्ये श्वासही आला.

तिरपी अक्षरं पूर्ण बंद. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरी तिरपी अक्षरं नसतात, प्रोग्रॅम सरळ अक्षरंच ढकलून वाकवतो. जोर द्यायचा तर शब्द जाड. कुजबुज असेल तर फुग्याची कड तुटक आणि अक्षरं राखाडी.

२६ जुलै

फुग्याशिवाय, थेट अंधारावर येणाऱ्या निवेदनाला अक्षरांभोवती पांढरी कड दिली. प्रत्येक अक्षराची कड शेजारच्या अक्षरावर चढली आणि शिरोरेषेत सांधे दिसू लागले. उपाय: त्याच मजकुराच्या दोन प्रती. खालच्या प्रतीला जाड पांढरी कड, वरची बिनकडेची, नुसती काळी. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत ठेवायच्या.

क्रिता ते इंकस्केप जाताना आकार बदलत होता, त्यावर दुपार गेली. चित्राच्या फाइलमध्ये ३०० डीपीआय लिहिलेलं आणि इंकस्केप इंचाला ९६ पिक्सेल धरून चालतो. आत घेताना तो विचारतो तेव्हा फाइलमधलं नाही, त्याचं स्वतःचंच रिझोल्युशन निवडायचं. कागदही पिक्सेलमध्ये मांडायचा, २१६० रुंद. मग एकास एक बसतं.

२ ऑगस्ट : कामाचा क्रम उलटा

पहिल्या भागाची नवी चौकट मांडताना तोच घोटाळा पुन्हा झाला. छान चित्र काढलं, मांजर डावीकडे, आणि फुगे ठेवायला गेले तर आधी बोलणारा उजवीकडे. इतके दिवस चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत संवाद कोंबले जायचे. घोटाळा तिथेच व्हायचा.

आता क्रम असा. संवाद आले की कोऱ्या चौकटींत आधी फक्त फुगे ठेवायचे, खऱ्या फॉन्टात, खऱ्या आकारात. माणसांऐवजी नुसते गोळे. जो आधी बोलतो तो डावीकडे. हे रिकाम्या चौकटींचं बाड फोनवर वाचून बघायचं. चित्राशिवायही कोण कोणाला काय म्हणतंय हे कळलं पाहिजे. मगच कच्चं चित्र.

याने चित्रंच बदलली. फुग्यांची जागा आधीच गेल्यामुळे माणूस कुठे उभा राहणार हे ठरून येतं, डोक्यावर उगाच रिकामी जागा राहत नाही. एका चौकटीत फुगे एवढे होते की चित्राला जागाच उरली नाही. त्या एका चौकटीच्या दोन केल्या. पूर्वी तिथे पहारेकऱ्याची टोपी फुग्याखाली चिरडली असती.

एक अडचण राहते. पहारेकरी डावीकडे आणि मांजर उजवीकडे असं प्रसंगाच्या सुरुवातीला ठरलं, आणि मध्येच मांजर आधी बोलली तर? त्यांच्या जागा बदलता येत नाहीत, दोघांमधली कल्पित रेषा ओलांडली की वाचणाऱ्याला वाटतं ते फिरले. दोन वाटा सापडल्या. फुगे उंचीने नीट वेगळे करायचे, मांजरीचा अगदी वर आणि पहारेकऱ्याचा तळाशी, उजवी-डावी विसरायला लावेल इतकं अंतर. नाहीतर मांजरीला एकटीला वेगळी चौकट द्यायची. दुसरी वाट बरी, पण पट्टी लांबते.

भावाने या पद्धतीचं पहिलं प्रकरण वाचलं. चिमटी एकदाही नाही.

९ ऑगस्ट : रेषा

माझ्या रेषा सगळीकडे सारख्या जाडीच्या होत्या. पुस्तकांची कपाटं मागे आणि माणूस पुढे, दोन्हीकडे तीच रेषा. चौकटीत सगळंच एका पातळीवर. शिवाय तीनशे टक्के मोठं करून इंकिंग, म्हणजे पक्क्या रेषा, करायची सवय. तिथे सुंदर दिसणारे डोळ्याखालचे बारकावे १०८० वर नुसते करडे डाग.

२१६० वर आता तीन जाड्या: पुढच्या आकृतीची बाहेरची कड १२ पिक्सेल, आतल्या घड्या आणि चेहरा ६ ते ७, मागची कपाटं ४. चारच्या खाली जायचं नाही, निम्मं केल्यावर तिथे रेषा उरत नाही, नुसती शंका उरते.

क्रितात त्याच चित्राची दुसरी खिडकी उघडता येते. ती पंचवीस टक्क्यांवर कोपऱ्यात ठेवली आहे. मोठ्या खिडकीत काढायचं, छोटीकडे बघून थांबायचं. बारकाव्यांवरचा अर्धाअधिक वेळ यानेच वाचला.

ब्रशचा स्टॅबिलायझर, म्हणजे हाताचा कंप काढणारी सोय, खूप वर नेला होता. रेषा गुळगुळीत झाली, पण मेली. मांजरीची पाठ तारेची वाटायला लागली. लांब वळणांपुरता स्टॅबिलायझर, बाकी साधं स्मूदिंग. खरा फरक पडला तो मनगटाऐवजी कोपरातून हात चालवल्यावर.

१६ ऑगस्ट

पेनचं टोक, म्हणजे निब, एका बाजूने छिन्नीसारखी झिजली आणि टॅब्लेटवर ओरखडे. खरखरीत पृष्ठभाग निब खातो. वर साधा गुळगुळीत कागद चिकटवला. रेषाही बरी येते.

२३ ऑगस्ट : अंधार

अख्खं कॉमिक रात्रीचं. मी रात्र म्हणून सगळीकडे गडद निळा ओतला होता. गडद निळी कपाटं, गडद निळी वर्दी, काळी मांजर. रंगीत बघताना फरक वाटतो, कारण निळ्याच्या छटा वेगळ्या आहेत. सगळ्यात वर काळा भरलेला लेयर (थर) टाकून त्याचा ब्लेंडिंग मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळायची रीत, 'कलर' केला की चित्र राखाडी दिसतं. तसं केलं आणि पहारेकरी गायब झाला. टोपीखालचा चेहरा तेवढा हवेत तरंगत होता.

आधी वर्दी फिकट केली. मग ती अंधारात चमकायला लागली, रात्रच राहिली नाही. मग कपाटं आणखी काळी केली. फोनचा उजेड कमी करून बघितलं तर काळ्यातलं काळं एकच झालं, पुस्तकांच्या कडाही गेल्या. एकेक वस्तूचा रंग बदलत बसण्यात बरेच दिवस वाया गेले. वस्तूला धरून रंग ठरवायचाच नसतो, तो चौकटीतल्या अंतराला धरून ठरवायचा असतो.

आता प्रत्येक चौकटीला राखाडीच्या तीनच पायऱ्या, रंगाआधी. जवळचं सगळं गडद, मधलं मध्यम, लांबचं फिकट, किंवा गरजेप्रमाणे उलटं. पण दोन शेजारच्या गोष्टी एका पायरीवर नाहीत. लांबची कपाटं फिकट निळी-करडी केली की धूळ आणि खोली दोन्ही मिळतात. निव्वळ काळा फक्त रेषेला. आणि पहारेकऱ्याच्या हातात विजेरी आहे! ती मी इतके दिवस शोभेला दिली होती. आता ज्याच्याकडे वाचणाऱ्याने बघावं त्याच्यावर तिचा पिवळा झोत पडतो. चौकटीतली ती एकमेव गरम छटा.

मांजर काळीच हवी, गोष्टीत तसं आहे. मैत्रिणीशी बोलून तिला पांढरी छाती आणि शेपटीचं पांढरं टोक दिलं. अंधारात तेवढ्या दोन खुणांवर ती ओळखू येते. एका चौकटीत तर नुसतं शेपटीचं टोक काढून काम भागवलं.

रंग भरताना रेषेच्या कडेला पांढरी किनार राहायची. भरणीच्या साधनात निवड दोन-तीन पिक्सेल वाढवायची, म्हणजे रंग रेषेखाली सरकतो. रेषेत फट असेल तर रंग सगळीकडे पसरतो, म्हणून मी रंग भरण्याआधी रेषांच्या फटी शोधून बुजवते. कंटाळवाणं आहे.

५ सप्टेंबर

सावल्यांना ठिपक्यांचा टोन वापरला, छापील कॉमिकसारखा. २१६० वर देखणा. निम्मं केल्यावर ठिपक्यांच्या जागी लाटा उमटल्या. १०८० वर टोन नव्याने टाकला, माझ्या पडद्यावर छान, पण भावाच्या फोनवर परत लाटा, कारण ब्राउझर पडद्याच्या रुंदीप्रमाणे चित्र पुन्हा लहान करतो आणि प्रत्येक फोनची रुंदी वेगळी. यावर माझ्या हातात इलाज नाही. टोन रद्द, सपाट राखाडी आणि थोड्या हाताच्या तिरप्या रेघा. छापायची वेळ आली तर टोन तेव्हा.

१३ सप्टेंबर : आवाज

'धप्प', 'खट्ट', 'कर्रर्र' हे सगळे फॉन्टने टाइप केलेले होते. दार करकरतंय आणि अक्षरं सरकारी पाटीसारखी सरळ. हे आता हाताने काढते, चित्राच्याच ब्रशने.

शिरोरेषा इथे फार कामाला येते. 'कर्रर्र'ची रेघ दाराच्या वरच्या कडेपासूनच काढली, बिजागरीकडे बारीक होत गेलेली, आणि अक्षरं तिला लोंबकळतायत. 'धप्प'ची रेघ मधोमध खचलेली, कारण पुस्तक तिच्यावर पडलंय. 'सळसळ'ला शिरोरेषा दिलीच नाही, अक्षरं सुटी, मांजर जिथून गेली त्या वाटेवर. वाचता येतं का हे मात्र दुसऱ्याला विचारावं लागतं, आपल्याला आपलं सगळंच वाचता येतं. एक 'खट्ट' भावाने 'रवट्ट' वाचला. ख-चे दोन भाग जोडून घेतले.

हे काम मला सगळ्यात आवडलं.

२१ सप्टेंबर

कपाटं. सगळ्या फळ्यांची वरची बाजू दिसत होती, अगदी छताजवळच्या फळीचीही. क्षितिजरेषा म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. तिच्या वरच्या फळ्यांची खालची बाजू दिसते, खालच्या फळ्यांची वरची. क्रितातलं व्हॅनिशिंग पॉइंटचं साधन लावून कपाट एकदाच नीट काढलं आणि ती फाइल प्रत्येक भागाला खाली ठेवते. उंची पक्की लिहून ठेवली: पहारेकऱ्याची टोपी पाचव्या फळीला लागते, मांजर उभी राहिली तर पहिल्या. आधी तो एका चौकटीत कपाटाएवढा आणि पुढच्यात शाळकरी मुलाएवढा व्हायचा.

हात: विजेरी धरलेल्या स्वतःच्या हाताचे फोटो काढले, वरून, खालून, समोरून. आठवणीतून काढलेल्या हाताला अंगठा नेहमी चुकीच्या बाजूने फुटतो. चित्र आडवं उलटवून बघायला क्रितात एम दाबायचं, तिरपे डोळे आणि वाकडी मान लगेच उघड्या पडतात.

४ ऑक्टोबर : फाइल बाहेर काढणं

अख्खा भाग एकाच लांब वेबपी (वेबसाठीचा हलका चित्रप्रकार) फाइलमध्ये काढायला गेले, प्रोग्रॅम नाही म्हणाला. वेबपीची मर्यादा कोणत्याही बाजूला १६३८३ पिक्सेल, पट्टी त्याहून लांब. तसंही एकच लांब फाइल नको. हळू इंटरनेटवर वाचणारा कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो.

तुकडे केले, पण ठरावीक उंचीवर. एक काप पहारेकऱ्याच्या नाकातून गेला, आणि खालचा तुकडा उशिरा येईपर्यंत तो अर्ध्या तोंडाने बोलत होता. आता काप फक्त दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत.

जेपेगमध्ये काळ्या अक्षरांभोवती धूळ दिसते आणि विजेरीच्या पिवळ्याच्या कडा फुटतात. सपाट रंग असल्यामुळे पीएनजी २५६ रंगांवर आणली तरी फरक दिसत नाही आणि फाइल बरीच हलकी होते. फक्त झोताच्या कडेला, जिथे पिवळा हळूहळू विरतो, तिथे पट्टे आले. त्या चौकटी पूर्ण रंगांत ठेवल्या. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचं. एकदा चुकून छपाईचं प्रोफाइल राहिलं होतं आणि रात्र मळकट दिसत होती.

१२ ऑक्टोबर

तुकडे एकाखाली एक लावल्यावर मध्ये बारीक पांढऱ्या रेघा. चित्रांत दोष शोधत बसले, तिथे काही नव्हतं. ब्राउझर चित्राला ओळीतल्या अक्षरासारखं धरतो आणि खाली उकारांसाठी सोडावी तशी जागा सोडतो. चित्राला 'डिस्प्ले ब्लॉक' सांगितलं, रेघा गेल्या. प्रत्येक चित्राची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिली, म्हणजे वाचताना पान उड्या मारत नाही. खालची चित्रं गरज पडेल तेव्हा येतील असं केलं, पहिलं मात्र लगेच.

पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आणि प्रत्येक चित्राच्या पर्यायी मजकुरात संवाद बोलणाऱ्याच्या नावासह लिहिले. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो. संवाद आधीच युनिकोडमध्ये होते, त्यामुळे हे काम पटकन झालं.

१९ ऑक्टोबर

पहिला भाग नव्या रूपात चढवला. जुन्या भागांची अक्षरं बदलणं चालू आहे.

पुढच्या भागात गोल जिना आहे, आणि तो काही केल्या जमत नाही. पायऱ्या वर जाताना क्षितिजरेषेपाशी चपट्या होत जायला हव्यात आणि तिच्या वर गेल्या की खालून दिसायला हव्यात. माझ्या पायऱ्या मध्येच कुठेतरी मत बदलतात. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये साधा जिना उभा करून त्यावरून रेषा मारल्या. बरोबर आला, पण इतका बरोबर की बाकीच्या हातच्या चित्रात परका वाटतो. तीच रेषा पट्टीशिवाय, मोकळ्या हाताने पुन्हा ओढून बघतेय.

मैत्रिणीला विचारलं, जिन्याऐवजी लिफ्ट चालेल का. "मांजर लिफ्टने येत नाही," म्हणाली. तेव्हा जिना काढायचाच. फुगे ठेवून झालेत. पूर्ण जिना एकाच चौकटीत दाखवायचा, बाकीच्यांत कठडा आणि तीन-चार पायऱ्या.